खालच्या ओळीतले शुभेच्छुक

फ्लेक्सच्या वरच्या ओळीत, गोल चौकटींत बसवलेले पाच तरुण चेहरे दिसले आणि हंबीरराव सुभेदारांनी चपला काढून हात जोडले.

"लय लहान वयात गेली गं पोरं."

"गेली न्हाईत, आबा," संयोगिता म्हणाली. "ती प्रेरणास्थानं हायेत. कोरियातली गाणारी. चाळिशीला आल्यात आता."

"मग वर का लावल्यात?"

"मधल्या सात जणांच्या आधीची म्हणून. ही मधली पोरं अजून त्यांचीच गाणी म्हणत्यात."

घराण्याची गोष्ट सुभेदारांना लगेच पटली. "मग वरची आता काय करत्यात?"

"त्यांचा ग्रुप मोडला. पण पाची जण पलटणीत जाऊन आले. तिकडं सगळ्यांना जावंच लागतं, गाणाऱ्याला बी."

आबांनी जोडलेले हात सोडले, चपला पायात घातल्या, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. मग ते दूध घालायला डेअरीकडे गेले.

फ्लेक्स सकाळीच लागला होता. मधोमध गुलाबी केसांचा पोरगा, त्याचा आज वाढदिवस. भोवती त्याचे सहा जोडीदार. कोरेगावच्या फ्लेक्सवाल्यानं सवयीनं त्याच्या नावाआधी 'भावी सरपंच' टाकलं होतं; तेवढं संयोगितानं काढायला लावलं. बाकी सगळं रीतीप्रमाणे होतं. मधले सात तिच्या लेकीचे, पूजाचे. वरचे पाच तिचे स्वतःचे. सांगलीला डी.एड. करताना होस्टेलच्या गादीवर मैत्रिणीबरोबर एकच इअरफोन वाटून ऐकलेले. लग्नानंतर पंधरा वर्षं तिनं त्यांचं नाव कुणापाशी काढलं नव्हतं. गेल्या दिवाळीत पूजाच्या मोबाइलवर या सातांनी त्या पाचांचं गाणं धरलं आणि पुढची ओळ स्वयंपाकघरातून आली. पूजा हातातली करंजी विसरली. फ्लेक्स त्या दिवशी ठरला.

खांद्यावर शिडी आणि काखेत गुंडाळी घेऊन विश्वजित आला. भाऊंचा माणूस. भाऊ कोण, हे गावात कुणाला विचारावं लागत नसे. चौकाचौकात लिहिलेलंच असे.

"वहिनी, ह्यो उतरवावा लागंल. उद्या भाऊंचा वाढदिवस."

"मग उद्या उतरव. आज ह्याचा हाय."

"आवं, भाऊंचा आदल्या दिवशीच लागतो."

"ह्याला दिवस मावळंस्तवर परवानगी हाय."

विश्वजितनं आठ वर्षांत पन्नासेक फ्लेक्स लावले होते. परवानगी हा शब्द त्यात पहिल्यांदाच निघत होता. संयोगितानं पिशवीतून ग्रामपंचायतीचा गोल शिक्क्याचा कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"तुमचा कागद?"

"भाऊंना कागद मागता व्हय?"

चार माणसं जमली. माणसं जमली तसा विश्वजितचा आवाज चढला. "त्या रंगवलेल्या पोरानं गावासाठी केलंय काय, सांगा की!"

"काय न्हाई केलं," संयोगिता म्हणाली. "पण नेलं बी काय न्हाई."

कुणीतरी खोकलं. हसू खोकल्यात घालवायची गावाला जुनी सवय होती.

विश्वजितनं शिडी लावली, कटर काढला आणि दोन पायऱ्या चढला. संयोगिता जागची हलली नाही.

"वर कशाला जातोस? खालनंच सुरू कर," ती म्हणाली. "शुभेच्छुकांपासनं."

खालच्या ओळीत अकरा बाया होत्या. रोज संध्याकाळी संयोगिताच्या गच्चीवर पूजाकडून कोरियन नाच शिकणाऱ्या. विश्वजितनं वाकून बघितलं. चौथा फोटो त्याच्या आईचा होता. डोक्यावर पदर, डोळ्यांना गॉगल आणि तपकीर धरल्यासारखी चिमूट पुढं केलेली. अंगठा-बोटाच्या त्या बदामाला कोरियात प्रेम म्हणतात.

त्यानं शिडीवरूनच फोन लावला. एका हातात कटर होता, म्हणून स्पीकर चालू केला.

"आये, तुजा फोटो हितं कसा?"

"लागला व्हय?" मंगलकाकूंचा आवाज अख्ख्या चौकाला ऐकू आला. "कसा आलाय रं?"

"तू तर भजनाला जाती म्हणालीस!"

"भजन गुरवारी. बाकीचं दिस ह्ये. साखर खाली आली माजी. डॉक्टर बी म्हणला, काय करता ते सोडू नगा."

"आये, ह्यो उतरवायचाय. भाऊंचा लावायचाय."



"भाऊच्या फ्लेक्सवर तुजा बी फोटो असतो न्हवं?" काकू म्हणाल्या. "आठ वर्सं बघती मी. पार कोपऱ्यात, दुसऱ्याच्या खांद्यामागं, निम्माच. माजा पुरा हाय का, तेवढं बघून सांग."

विश्वजितनं बघितलं. दोन्ही कान होते.

"पुरा हाय," तो म्हणाला आणि फोन खिशात घातला.

कटर मिटवून तो पार वर चढला आणि एका बाजूची दोरी सोडू लागला. संयोगिता दोन पावलं पुढं झाली.

"ही गाठ कुणी मारली, वहिनी?" वरून त्यानं विचारलं. "वाऱ्यानं दुपारपतूर जाईल ह्यो. शिडी धरा जरा."

संयोगितानं शिडी धरली. विश्वजितनं दोरी खेचली तसा फ्लेक्स ताणला आणि गुलाबी केसांच्या पोराच्या गालावरची सुरकुती गेली.

विश्वजितच्या खिशात फोन वाजायला लागला. भाऊंसाठी त्यानं वेगळी रिंग ठेवली होती, ती सगळ्या चौकाला माहीत होती. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. विश्वजितचे दोन्ही हात दोरीत होते. त्यानं दुसरी गाठ मारायला घेतली.