झिसिसचा शब्द

"ऐंशी ओलांडलेला माणूस उंच होत नाही, स्मारो," मावरोदीस सर म्हणाले. "तुझा तो झिसिस म्हातारा मात्र झालाय. चांगला दोन बोटं."

स्मारोनं पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. थेस्सलोनिकीच्या विद्यापीठात ती नवीन होती तेव्हापासून हा अभ्यास तिच्याकडे होता. डोंगरातल्या गावांमधल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब, वजन, उंची, आणि शेवटी कोण किती जगलं. बाकीच्या गावांत माणसं कंटाळून अभ्यासातून गळाली होती. पेत्रोवुनी गावातलं एकही गळालं नव्हतं, आणि नेमकं तेच सरांच्या डोळ्यांत खुपत होतं.

"नर्सनं बूट काढायला लावले नसतील," ती म्हणाली.

"किंवा नर्सनं घरी बसून आकडे ठोकून दिले असतील. हे बघ, माणूस मेला तर आपलं काही बिघडत नाही. मरण तर आपण मोजतोच. पण माणूसच खोटा निघाला, तर अख्खं गाव अभ्यासातून जाईल. गाव गेलं की तुझी नेमणूक वाढवून घेणं माझ्या हातात राहणार नाही. जाऊन ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

सर दुष्ट नव्हते. आकड्यांवर पोट असलेल्या माणसाला संशय हा धंद्याचाच भाग. पण वळणावळणाचा रस्ता चढताना स्मारो तोच आकडा मनात घोळवत होती. इतक्या वर्षांत ती गावात एकदाच आली होती, अगदी सुरुवातीला. नंतर या माणसांची तिच्याशी ओळख उरली ती आकड्यांपुरती.

रविवार होता. गाव नुकतंच चर्चमधून सुटलं होतं. नळाजवळ उभ्या असलेल्या बाईला तिनं विचारलं, "झिसिस दूकास कुठे भेटतील?"

"कोणता?" बाई हसली. "आमच्याकडे झिसिस पोत्यानं आहेत!"

नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत. त्यातून हे नाव म्हणजे 'जगशील' असा आशीर्वादच, तो कोण सोडतो? चौकात झिसिस म्हणून हाक मारली, तर निम्मे पुरुष मागे वळले असते.

"विद्यापीठाच्या अभ्यासातले."

बाईनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "अगंबाई! तू स्मारो ना? आमची स्मारो! जा, जा, कॉफीच्या दुकानात बसलेत. तुझीच वाट बघत असतील."

दुकानात शिरताच एक म्हातारा काठी टेकत उठला. त्याच पांढऱ्याशुभ्र मिशा, तीच कपाळावर ओढलेली टोपी, तेच दूकासांचं बाकदार नाक. स्मारोला इतकं हायसं वाटलं, की तिनं सरळ त्याला मिठीच मारली.

"काका, खडखडीत आहात की!"

"झिसिसनं शब्द दिला होता ना तुला, पोरी," म्हातारा म्हणाला. "झिसिसचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

तिला आठवलं. शेजारच्या गावानं हाकलून दिलं म्हणून ती याच दाराशी रडत बसली होती. झिसिसनं कडू कॉफीचे दोन पेले आणले होते. "साखर लेच्यापेच्यांना," म्हणाला होता. "रडू नकोस. तुला हवंय तरी काय?" ती म्हणाली होती, "कुणी मधेच गळू नका, काका. एवढंच." मग तो चौकात जाऊन सगळ्यांना दम देऊन आला होता.

"बूट काढा," ती आता म्हणाली. "उंची घ्यायची आहे."

"अजून? लग्न लावतेस की काय माझं?" दुकान खदखदून हसलं. म्हातारा दाराच्या चौकटीला पाठ लावून निमूट उभा राहिला.

नर्सचा आकडा बरोबर होता. स्मारोनं पुन्हा मोजलं. तरी तेच.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिल्या वर्षीची उंची तिनं स्वतः घेतली होती, तीही चर्चच्या अंगणात, खालीवर झालेल्या फरशीवर. तिला आपलंच हसू आलं. तिनं तिथूनच फोन लावला.

"सर, माणूस खरा आहे. उंचीही खरी आहे. माती मीच खाल्ली, पहिल्या वर्षी."

"नर्सला उगाच बोललो मी," सर म्हणाले. "चला, गाव वाचलं. तूही वाचलीस."

फोन ठेवताना तिचे डोळे भरून आले. म्हाताऱ्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि आत हाक दिली, "पोरीला एक कडू कॉफी! मला माझी नेहमीची, साखर घालून!"

वयानं जीभही बदलते माणसाची, स्मारोच्या मनात आलं. तिच्या आईचं तसंच झालं होतं.

तेवढ्यात नळाजवळची बाई आत आली. तिच्या पिशवीत कागदी पुड्या होत्या. गेलेल्या माणसाच्या वर्षश्राद्धाला वाटतात ते उकडलेले गहू, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. तिनं एक पुडी स्मारोपुढे ठेवली. स्मारोनं रीतीप्रमाणे छातीवर क्रूसाची खूण केली.

"देव त्यांना शांती देवो," ती म्हणाली. "कुणाचं आहे?"

बाईनं म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"झिसिसचं. माझ्या चुलत भावाचं," टोपी काढून हातात घेत झिसिस म्हणाला. "जाताना सगळ्यांना बजावून गेला, मी मेलो तरी पोरीचा माणूस गळता कामा नये."