मूठभर जुना भुसा

सुहासिनीचा मुलगा ओजस अपघातात गेला आणि त्याने पाळलेला परदेशी अजगर मागे राहिला. सुहासिनी एरवी अजगराच्या भीतीने ओजसच्या खोलीच्या दारातही थांबत नसे. पण काचपेटीतला भुसा ओला होऊन कुजायला लागला, तेव्हा ती आपण होऊन पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेली.

"देवदाराचा भुसा नको, तो सापाला बाधतो. नारळाच्या काथ्याचा चुरा न्या," दुकानदार म्हणाला. "आणि जुन्यातला कोरडा मूठभर त्यात मिसळा. ओळखीचा वास नसला की हे जनावर बावरतं, खाणं सोडतं."

घरी येऊन तिने अजगर बादलीत ठेवला, पेटी पुसली, चुरा पसरला, त्यात जुना भुसा मिसळला. परत सोडल्यावर तो जीभ आतबाहेर करत कोपऱ्यापर्यंत गेला आणि वेटोळं घालून निवांत बसला.

"रमला का गं?" थोरल्या नणंदेने दारातून विचारलं.

"रमला, वन्सं."

मग सुहासिनीने ओजसचं कपाट उघडलं. दिवसकार्य उरकल्यावर नणंदेने त्याचे सगळे कपडे मायेने धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. सुहासिनीने एकेक शर्ट नाकाशी धरला. सगळ्यांना साबणाचाच वास येत होता. शेवटचा शर्ट तिने बराच वेळ खाली ठेवला नाही.