जाको आजोबांचे ओरखडे

घड्याळाच्या कवचावर एकही ओरखडा शिल्लक नव्हता. काम अप्रतिम झालं होतं आणि पंचाईत नेमकी तीच होती.

कारखान्याच्या मालकीणबाई मादाम रोसले यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"फाबियाँ, याला पिवळा दोरा होता ना?"

"होता."

"मग?"

"झिलईच्या चाकात अडकला असता. म्हणून आधी काढून ठेवला."

त्यांच्या कारखान्यात पिवळ्या दोऱ्याचा अर्थ झाडूवाल्यालाही पाठ होता : आतलं यंत्र साफ करा, बाहेरच्या कवचाला हात लावू नका. पण फाबियाँ कालामचं आयुष्य कवचांना झिलई देण्यात गेलं होतं. ओरखडा दिसला की त्याचा हात आपसूक चाकाकडे जाई, जसा इतरांचा खाजेकडे जातो. इथेही त्याने जीव ओतला होता. पट्टा अडकवायच्या चारही कानांच्या धारा जशाच्या तशा टोकदार ठेवून सोन्याचा आरसा केला होता.

"तू माणूस आहेस की इस्त्री?" मादाम म्हणाल्या. "कुणाचं घड्याळ आहे हे, माहितीये?"

आता माहीत झालं होतं. तेओद्यूल जाकोंचं.

जुरा डोंगरांतल्या त्या दरीत जाकोंची गोष्ट माहीत नसलेला माणूस नव्हता. एका हिवाळ्यात तायेरच्या तळ्यावरचा बर्फ फुटला आणि सरपंचांचा कुत्रा आत गेला. जाको एकटेच तिथे होते. ते पोटावर सरपटत गेले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि कुत्र्याला ओढून काढलं. फुटक्या बर्फाच्या धारेने मनगटावरच्या घड्याळावर चार ओरखडे पडले. आता आजोबांना दिसत नव्हतं. ते ओरखड्यांवरून अंगठा फिरवत आणि गोष्ट सांगत, एकेका ओरखड्याला एकेक टप्पा. रविवारी हे घड्याळ गावच्या सभागृहात काचेच्या पेटीत बसायचं होतं.

"शनिवारी ते स्वतः न्यायला येतायत," मादाम म्हणाल्या. "तूच सांग त्यांना. तुमचं शौर्य आमच्या फाबियाँने पुसलं, असं माझ्या तोंडून नाही निघायचं."

दुपारी कॅफेत फाबियाँने दोन्ही हात टेबलाखाली ठेवले. सॉसेज गार होऊन गेलं.

"जाकोंचं घड्याळ तुमच्याकडे आलंय म्हणे!" वाढणारी बाई म्हणाली. "नीट सांभाळा हं. आमच्या दरीत तेवढी एकच घटना घडलीये."

फाबियाँने मान हलवली आणि बिलाहून जास्त पैसे ठेवून निघाला. तरी लाज गेली नाही.

ओरखडे परत पाडायचे, असं त्याने ठरवलं. आणि पाडायचेच तर इमानदारीने. तो ला ब्रेव्हीनला, त्याच तायेरच्या तळ्यावर गेला, घड्याळ मनगटाला बांधलं आणि काठावर पालथा पडून बर्फाच्या कडेवर हात घासू लागला.

"काही हरवलंय का?" स्केट्स घातलेल्या एका बाईने विचारलं.

"ओरखडे," फाबियाँ म्हणाला.

बाई जरा लांबून वळसा घालून गेली.

त्याने मनगट सोलवटेपर्यंत घासलं. सोन्यावर काहीही उमटलं नाही. उलट बोटांचे ठसे गेले आणि ते जास्तच चमकू लागलं. आपलाच जोर कमी पडतोय, हे त्याला कळून चुकलं. जाकोंच्या अंगात त्या दिवशी जे बळ संचारलं होतं, ते झिलईवाल्याच्या मनगटात कुठून यायचं? एका शूर माणसाची खूण आपण पुसली, आणि ती परत उमटवायचीही आपली लायकी नाही. घरी येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

शेवटी त्याने पोलादी कोरणी घेतली. घड्याळ दुरुस्तीला आलं तेव्हा काढलेला फोटो मोठा करून समोर लावला. ओरखडे घालवणं त्याला येत होतं, पाडणं नव्हतं. पहिला इतका सुरेख आला की त्याला तो बिघडवावा लागला. दुसऱ्याला त्याने डावा हात वापरला. मग डोळे मिटून अंगठा फिरवायचा, पुन्हा कोरायचं, पुन्हा फिरवायचा. अशी लबाडी इतक्या काळजीने करताना त्याचे कान गरम झाले होते.

शनिवारी आजोबा लेकीचा, कोलेतचा हात धरून आले. मादामनी घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

अंगठा पहिल्या ओरखड्यावर टेकला.

"इथे बर्फ तडकला," आजोबा म्हणाले. अंगठा सरकला. "इथे त्याचा पट्टा हाती लागला. इथे निसटला." चौथ्यावर ते थांबले. "आणि इथे आम्ही दोघं बाहेर."

कोलेतने डोळे पुसले. "दर वेळी रडवता हो पप्पा," म्हणत ती गाडी दाराशी आणायला गेली. मादाम घड्याळाची डबी आणायच्या निमित्ताने आतल्या खोलीत पळाल्या.

फाबियाँला राहवेना.

"आजोबा, मला एक सांगायचंय. हे ओरखडे…"

"माझे नाहीत. ठाऊक आहे." अंगठा फिरतच होता. "तिसरा जरा जास्तच सुबक झालाय."

फाबियाँचा चेहरा उतरला. "माझी चूक झाली. तुमचे मी पुसले. तुमच्यासारख्या माणसाची आठवण मी…"

"हळू बोल. कोलेत येईल."

आजोबांनी त्याची बाही धरून त्याला जवळ ओढलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"कुत्रा आपला आपणच पोहत बाहेर आला होता रे. मी काठावर उभा राहून नुसता ओरडत होतो. माझे ते चार मी स्वयंपाकघरात बसून चीजच्या सुरीने पाडले, हात भरून आला माझा. तू कशाने पाडलेस?"