तिसरी चूल

"आईला माझ्याच कुटुंबात लिहा, बाई," थोरला भागिनाथ म्हणाला.

"माझ्यात लिहा!" धाकट्या कचरूने माझ्या फॉर्मवर हातच ठेवला. रेशन माणसागणिक मिळतं, आणि ते याच फॉर्मवरून ठरतं, असा दोघांचाही समज होता.

जनगणनेत चुलीगणिक कुटुंब धरतात, म्हणून मी विचारलं, "त्या कुणाच्या चुलीवर जेवतात?"

कचरूने फॉर्मवरचा हात काढून घेतला.

त्यांची आई, ठकूबाई, उठल्या आणि मला गोठ्यात घेऊन गेल्या. म्हशीच्या दावणीशेजारी तीन विटा मांडल्या होत्या. त्यांवर काळं भगुलं होतं, त्यात एकटीपुरता भात.

मी तिसरा फॉर्म भरला. माणसं, एक. मग घरनंबर टाकायला गेरू काढला, पण गोठ्याला दार नव्हतं.

"खांबावर टाका, बाई," ठकूबाई म्हणाल्या. "मी हितंच निजते."