लैथचं टेबल

“हात नको लावूस. ती लैथची आहे,” अबू लैथ म्हणाले.

रफलनं मेमरीची नवी पट्टी गुपचूप पाकिटात ठेवली. बगदादच्या सिनाआ रस्त्यावरच्या या कॉम्प्युटरच्या दुकानात चांगली वस्तू आली की ती लैथची. बिनआवाजाचा पंखा आला, लैथचा. वेगवान प्रोसेसर आला, लैथचा. खिडकीजवळचं दुरुस्तीचं टेबलसुद्धा त्याचंच. रफल त्यावर आपली तात्पुरती.

आणि हा नवाब होता कुठे? “येईल की,” एवढंच उस्ताद अबू लैथ म्हणत आणि कानाची पाळी चोळत. रफलनं पुढे कधी विचारलं नाही. अबू लैथ म्हणजे लैथचा बाप, आणि घरात नसलेल्या मुलाबद्दल बापाला खोदून विचारायचं नसतं, या शहरात तर नाहीच नाही.

ती इथे आली होती जळका पॉवर सप्लाय काखेत मारून. सरकारी वीज गेली, गल्लीतला जनरेटर धडधडत सुरू झाला आणि त्या झटक्यात तिचा कॉम्प्युटर गेला. “नवा घे,” बाकीचे दुकानदार म्हणाले. अबू लैथ म्हणाले, “बस. कसा जळाला ते दाखवतो.” ती बसली ती बसलीच.

“प्रोसेसरवर पेस्ट किती लावायची?” ते विचारत.

“तांदळाच्या दाण्याएवढी.”

“आणि तू लावलीस किती?”

रफल बोटानं जास्तीची पेस्ट पुसू लागे.

“अगं, पुलाव करायचाय का आपल्याला?”

मेमरीचे सोनेरी दात खोडरबरनं घासायचे, यंत्र किती वेळा टुकटुकतं ते ऐकून दुखणं ओळखायचं, हे सगळं ती त्या टेबलावर शिकली. दुपारी धूळ उठली की उजेड जर्दाळूच्या मुरंब्यासारखा होई. मग वीज जाई. सारा रस्ता क्षणभर मुका. जनरेटर लागला की दुकानादुकानातले पंखे एकेक करत फिरू लागत, आणि रफलला वाटे, आपण मोठ्या झोपलेल्या घरात बसलोय आणि घर कूस बदलतंय. तासन्‌तास ती त्या गुणगुणीत तरंगत राही. हात मात्र काम करत. असं सुख तिला आयुष्यात दुसरीकडे मिळालं नव्हतं.

म्हणून तर लैथची धास्ती. तो आला की टेबल गेलं. आणि या रस्त्यावर दुसरं कोण मुलीला टेबल देणार? काउंटरवर उभं करतील, माऊस विकायला.

एके दिवशी उस्ताद म्हणाले, “लैथसाठी ठेवलेलं सगळं काढ. यंत्र जोड. गुरुवारी टेबल द्यायचंय.”

म्हणजे लैथ येतोय, रफलनं ओळखलं. तरी तिनं जोडलं. जीव ओतून जोडलं. तारा वेणीसारख्या बांधल्या. उस्तादांनी चालू करून पाहिलं, पाठीवर थाप मारली. “वा, पोरी! माशाल्ला!”

शाबासकी मिळाली आणि रडूच आलं तिला.

त्या रस्त्याची एक रीत होती. टेबलावर नवा माणूस बसला की त्यानं आपलं यंत्र सगळ्या शेजाऱ्यांसमोर चालू करायचं. चालू झालं तर तो उस्ताद. नाही झालं तर वर्षभर काउंटर. त्यातून सुटका नाही, दुकानदाराच्या मुलालाही नाही.

गुरुवारी सकाळी उस्ताद क्लेचा, खजुराची बिस्किटं, आणायला बेकरीत गेले. रफलनं यंत्राची झाकणी उघडली. चांगली पट्टी काढली, यंत्र चालूच होणार नाही अशी एक मेलेली पट्टी बसवली आणि झाकणी लावली. उस्तादांची मान खाली जाईल, हे तिला कळत होतं. पण वर्षभर टेबल आपलं राहील, हेही कळत होतं.

दुपारी सगळी गल्ली दारात. रफल आपली पिशवी घेऊन कोपऱ्यात उभी. चहावाला सब्री इस्तिकानांचा, चहाच्या छोट्या काचपेल्यांचा, ट्रे घेऊन आला. उस्तादांसोबत शाळेत शिकलेला माणूस, जीभ कात्रीसारखी.

“चाचा, एक पेला लैथसाठी ठेवा,” ती म्हणाली.

“कुणासाठी?”

“लैथसाठी. आज येतोय ना.”

सब्री असा हसला की ट्रे हिंदकळला. “ऐकलंत का रे! लैथ येतोय म्हणे! अगं वेडे, या माणसानं लग्न तरी केलंय का? शाळेत होता तेव्हापासून आम्ही त्याला अबू लैथ म्हणतो. आपल्याकडे पोर नसलं तरी पोराचं नाव लावतातच की माणसाला, मान म्हणून! आख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे. तुला कुणी सांगितलं नाही?”

“मी विचारलं नाही,” रफल म्हणाली.

अबू लैथांचे कान लालबुंद झाले होते. “चांगली वस्तू हातात आली की विकवत नाही,” ते पुटपुटले. “कुणासाठी तरी ठेवावीशी वाटते. मग म्हणायचो, लैथसाठी. म्हणता म्हणता इतकी वर्षं गेली, आणि एक दिवस दारात ही उभी, जळका डबा घेऊन.”

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. उस्तादांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, टेबलामागची खुर्ची ओढली आणि डोळे पुसत म्हणाले, “बस, लैथ. लाव बटण.”