मेव्हण्याच्या आधी

गाडीचं नवं मॉडेल मेव्हण्याच्या आधी आपल्या दारात उभं राहावं, म्हणून ओहायोचा कर्टिस बायकोला घेऊन थेट जर्मनीतल्या कारखान्यावर जाऊन थडकला. गाडी ताब्यात घेऊन तो इटलीपर्यंत भटकला आणि रोज तिचे फोटो मेव्हण्याला पाठवत राहिला.

"अरे, एखाद्या फोटोत आल्प्सही येऊ दे की!" बायको म्हणाली.

तेवढ्यात मेव्हण्याचा मेसेज आला, "दाजी, रंग कोणता हा?"

"जळतोय तुझा ग्लेन!" कर्टिस खूश झाला.

मग गाडी जहाजावर चढवून दोघं विमानानं घरी परतली. जहाजाला दोन महिने लागले. गाडी एकदाची दारात आली, तेव्हा सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली.



"महिन्यापूर्वी ग्लेननं गावातल्या शोरूममधून घेतली ना, तेव्हाच मी म्हटलं, आता जावईबापूही अगदी अश्शीच घेणार!"