गिड्डनकट्ट्याचा निकाल

बेंगळुरूच्या चामराजपेटेतून पायी निघालेल्या यात्रेकरूंना आदल्या दिवशीच्या गावात कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. गिड्डनकट्ट्यात मात्र वरची आळी ओबट्टू, म्हणजे तिकडच्या पुरणपोळ्या, घेऊनच आडवी आली. ज्याच्यावरून गावाला नाव पडलं तो गिड्डा आमच्याच घराण्यातला विणकर, असं पटवून देत त्यांनी तुपाची धार धरली. तासाभरात खालच्या आळीनं पायसाच्या पंगतीला बसवलं. त्यांचा गिड्डा कुंभार होता. मग पोटाला तडस लागलेली मंडळी देवळासमोर जमली, कारण खरा गिड्डा कोणाचा ते यात्रेकरूंनी सांगायचं, अशी तिथली रीत.

पुण्याहून येऊन महादेवपुऱ्यात नोकरी करणारा तनय पहिल्यांदाच आला होता. त्याला सगळं लख्ख उमगलं होतं. तो हात वर करणार, तोच जथ्याचे म्होरके विठोजीअण्णा उठले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दोन्ही बाजू तोडीस तोड आहेत. स्वल्प विचार करायला हवा. पुढच्या वर्षी येऊन सांगतो."

दोन्ही आळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या आणि वाटेसाठी डबेही बांधून दिले.

वेशीबाहेर पडल्यावर तनय कुरकुरला, "अण्णा, एवढं सोपं होतं. आजवर तुमच्यातल्या कोणी निकालच दिला नाही का?"

"दिला होता की," डब्याचं झाकण उघडत अण्णा म्हणाले. "माझ्या आज्ज्यानं. काल पाणीसुद्धा मिळालं नाही ना, त्या गावात."